पुढच्या ब्लाउजची बॉबिन : जून ते ऑक्टोबर २०२४ च्या नोंदी

९ जून, रविवार

काल दिवसभरात सात ब्लाउज शिवले, सात रंगांचे. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं बारकं रीळ, भरायला थांबले की टेबलाच्या कडेला खडूची एक रेघ मारत गेले. संध्याकाळी मोजल्या तर नऊ. एका वेळी मोबाइलवर वेळ लावून बघितली. सुईतला दोरा काढा, चाकाच्या मधला स्क्रू ढिला करा, रीळ बदला, बॉबिन भरा, स्क्रू आवळा, पुन्हा दोरा ओवा. तीन मिनिटं दहा सेकंद. नऊ वेळचा जवळजवळ अर्धा तास झाला.

अर्ध्या तासापेक्षा मला दुसरंच लागतं. गळ्याची पायपिन बसवताना पाय आणि बोटं एका लयीत आलेली असतात, आणि तेवढ्यात खालचा दोरा संपतो. टाके पडतात, पण नुसत्या वरच्या दोऱ्याचे. कापड उचललं की सुटून हातात येतात. भरून परत बसलं तरी तो हात लगेच येत नाही. जोडाच्या जागी टीप केसभर सरकते आणि ती मला गिऱ्हाइकाच्या आधी दिसते.

मशीन सासूबाईंची आहे. काळी पायमशीन, सिंगरच्या १५ नंबर मॉडेलच्या धाटणीची, आपल्याकडे घरोघरी असते तीच. लोखंडी स्टँड, चामड्याचा गोल पट्टा. बॉबिन भरायची सोय तिला आहेच. रबरी कडं घातलेली छोटी चकती हातचाकाला टेकते आणि बॉबिन फिरते. फक्त तेवढा वेळ मधला स्क्रू ढिला असतो, चाक फिरतं पण सुई चालत नाही, आणि शिवण थांबते. शिवता शिवता ती भरली पाहिजे, एवढंच करायचं आहे.

१३ जून

आधी जे आहे त्यावरच करून बघितलं. मधला स्क्रू ढिला न करता चकती चाकाला टेकवली आणि शिवायला बसले. फिरते, भरते. मग इतकी वर्षं का केलं नाही, ते दहा मिनिटांत कळलं.

माझ्या मशीनवर रीळ लावायची खुंटी एकच. दुसरं रीळ स्टीलच्या वाटीत ठेवून जमिनीवर ठेवलं. दोरा उड्या मारत वर आला आणि हातचाकाच्या बुडख्यात गुंडाळला. सुरीनं कापून काढावा लागला. रबरी कडं इतकं कडक झालंय की मध्येच घसरतं. आणि मुख्य म्हणजे, मदतीला येणारी पोरगी पाय मारताना कधी कधी चाक उलटं फिरवते. बॉबिनही उलटी फिरली आणि भरलेले वेढे सैल होऊन चकतीच्या मागे गेले.

जाऊबाई इचलकरंजीला कपड्यांच्या कारखान्यात पॉवर मशीनवर बसतात. त्यांच्याकडे टेबलावरच एक बारकं भरणीयंत्र बसवलेलं असतं. त्याची चकती मोटरच्या पट्ट्याला टेकते. टीप चालू असताना शेजारी बॉबिन भरत राहते, आणि भरली की चकती आपोआप पट्ट्यापासून सुटते. मी ते दोनदा उभी राहून बघितलंय. तसंच पायमशीनला हवं.

२३ जून, रविवार

भाचा आला होता. आयटीआयला फिटर करतो. त्याला सगळं सांगितलं तर त्यानं पहिला प्रश्न विचारला, “मावशी, बॉबिनमध्ये दोरा मावतो किती?” मला माहीत नव्हतं. तीस वर्षं बॉबिन भरते आहे आणि मोजला नव्हता. पत्र्याची बॉबिन पूर्ण भरून टेबलाच्या लांबीवर मोजत उलगडली. ४६ मीटर. मग एक अस्तराचा ब्लाउज शिवून झाल्यावर राहिलेला दोरा मोजला. ब्लाउजला खालचा दोरा साधारण १७ मीटर लागला होता.

म्हणजे भरलेली बॉबिन एका ब्लाउजला पुरून उरते. मधेच संपते ती अर्धी उरलेली डब्यातून काढून लावते म्हणून. आणि शिवताना जी भरायची, ती चालू रंगाची नाहीच! चालू रंगाचं रीळ तर सुईवर आहे. भरायची ती पुढच्या ब्लाउजची. पुढचं रीळ भरणीयंत्राच्या खुंटीवर लावायचं, हा ब्लाउज संपेपर्यंत त्याची बॉबिन तयार, मग तेच रीळ उचलून मशीनच्या खुंटीवर. इतके दिवस मी हे उलट्या टोकानं बघत होते. एका रंगाची दोन रिळं विकत घ्यावी लागतील या विचारानं अडून बसले होते.

मग फिरवायचं कशानं, यावर बराच वेळ गेला. हातचाकाच्या काठाला चकती टेकवली तर वेग फार येतो. सुतळीनं घेर मोजले. खालच्या मोठ्या चाकाच्या खाचेचा ९६ सेंटीमीटर, वरच्या पट्ट्याच्या खाचेचा २२. एका पायात चारच्या वर टाके पडतात ते यामुळे. हातचाकाच्या काठाचा घेर ४१. म्हणजे काठ पट्ट्याच्या जवळजवळ दुप्पट वेगानं पळतो. भाच्यानं गणित मांडलं: ३० मिलीमीटरची चकती पट्ट्याला टेकवली तर मिनिटाला ५०० टाक्यांच्या चालीवर बॉबिन ११७० वेढे घेईल. ४६ मीटरला साधारण तेवढेच वेढे लागतात. सलग शिवलं तर एका मिनिटात भरेल. शिवण सलग नसते, पण एका ब्लाउजमध्ये आरामात होईल. पट्टाच ठरला.

६ जुलै

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्या काकांकडे गेलो. कागदावरचं चित्र त्यांनी लांब धरून बघितलं. “ताई, हे कशाचं हो?” सांगितलं तर म्हणाले, “आमच्या घरात पण मशीन आहे, झालं की मला दाखवा.”

सामान थोडंच आहे. ६ मिलीमीटरची शाफ्ट, ६२६ नंबरची दोन बेअरिंगं, नायलॉनची चकती, एक पट्टी वाकवून केलेला आधार आणि टेबलाच्या उजव्या कडेला आवळायचा सी क्लॅम्प. पट्टा टेबलाच्या भोकातून वर येऊन खाचेत शिरतो, तेवढी वीतभर जागा मोकळी असते. मागच्या बाजूनं चकती तिथं टेकेल. बॉबिन बाहेरच्या टोकाला, हाताशी.

बॉबिनचं भोक मी फुटपट्टीनं ६ मोजलं होतं. काकांनी व्हर्नियर लावला आणि म्हणाले, “सहाला सहा ठेवलं तर बसंल, पण निघायची नाही. टोकाला चार थाऊ (इंचाचे चार हजारांश) उतरवतो.” शिवाय बॉबिनच्या पत्र्याला जी बारीक भोकं असतात त्यातल्या एकात जाईल अशी पिन शाफ्टवर ठोकून दिली, बॉबिन नुसती गरगरू नये म्हणून. तेवढ्या पिनसाठी त्यांनी चहा थंड होऊ दिला.

२१ जुलै, रविवार

पहिली चाचणी. फिरतं! पट्ट्याचा तारेचा जोड चकतीवरून जाताना प्रत्येक फेरीला टक असा आवाज येतो. सायकलच्या ट्यूबचं कडं कापून चकतीवर चढवलं, आवाज मऊ झाला.

पण बॉबिन भरली ती गाजरासारखी. आतल्या बाजूला दोऱ्याचा ढीग, बाहेरच्या बाजूला पत्रा उघडा. बॉबिन केसमध्ये, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीत, घालून टीप मारली तर दोरा ढिगावरून घसरताना अडकायचा, आणि दर काही टाक्यांनी एक टाका वर ओढला जायचा.

याचं कारण मला माहेरच्या मशीनवरून कळलं. आईची जुनी मशीन लांब शटलची होती, होडीच्या आकाराचं शटल आणि दाभणासारखी लांब बॉबिन. ती भरायच्या यंत्रात बदामाच्या आकाराची एक चकती असायची. ती फिरली की दोरा धरणारा बारीक हात डावीकडून उजवीकडे आणि परत, असा सारखा सरकायचा. लहानपणी मी तो हात बघत बसायची. लांब बॉबिनवर दोरा पसरायला तो लागतोच. आमच्या गोल बॉबिनला तसं काही नसतं. दोरा जिथून येतो ती जागा बॉबिनच्या बरोबर मधोमध असली तर वेढे आपोआप दोन्हीकडे पसरतात, नसली तर ज्या बाजूला कललेली असेल तिकडे ढीग होतो. मी दोऱ्याची कडी नजरेनं लावली होती आणि ती दीड मिलीमीटर आत होती. भाच्यानं कडीच्या पट्टीला लांबट खाच पाडून दिली, आता सरकवता येते. चौथ्या बॉबिनला वेढे सपाट आले. बोट फिरवलं तर कुठं उंचवटा लागत नाही.

२६ जुलै

पाऊस थांबायला तयार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ४३ फुटांच्या वर गेलंय. लेथवाले काका नदीकाठच्या गावातून येतात, त्यांचं दुकान बंद. गिऱ्हाईक नाही. डब्यातल्या अर्ध्या बॉबिन काढून बसले, ३८ निघाल्या. दोन-चार ठिकाणी एका रंगावर दुसरा रंग भरलेला आहे. ही सवय बंद करायची. जुन्या दोऱ्याचं टोक खाली दडपलेलं असतं आणि शेवटी तेच केसच्या फटीत अडकतं.

४ ऑगस्ट, रविवार

वाईट आठवडा. एका ताईंचा ऑरगंडीचा ब्लाउज परत आला. बाजूची टीप चुणली होती. शिवून दिला तेव्हा सरळ होती, मी स्वतः बघितली होती. एकदा धुऊन इस्त्री केल्यावर चुणी आली. पैसे परत दिले, पण ब्लाउज मापाचा होता, साडीतलं कापड दुसरं नव्हतं. तीन दिवस मन लागलं नाही.

आधी बॉबिन केसचा स्क्रू, मग वरचा ताण, मग सुई, सगळं तपासलं. काही सापडेना. शेवटी एकाच कापडाच्या ५० सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या कापल्या. दोरा तोच, केस तीच, सुई तीच. एका पट्टीला मशीनच्या जुन्या चकतीवर भरलेली बॉबिन, दुसरीला नव्या यंत्रावर भरलेली. दोन्ही भिजवल्या, इस्त्री केली, मोजल्या. पहिली ४९.८. दुसरी ४९.२, आणि टिपेच्या दोन्ही बाजूंना बारीक चुण्या.

म्हणजे दोष माझ्या यंत्राचाच. भंगारातल्या मशीनची वरच्या दोऱ्याची ताणाची चकती काढून मी ती इथं बसवली होती. तिची स्प्रिंग सुईच्या दोऱ्यासाठी असते, जोराची. पॉलिएस्टरचा दोरा त्या ताणाखाली लांबतो आणि लांबलेलाच बॉबिनवर बसतो. शिवून झालं, पाणी लागलं, इस्त्रीची धग लागली की तो मूळ लांबीवर यायला बघतो आणि कापडाला बरोबर ओढतो. सुती दोऱ्यात हे इतकं जाणवत नाही. शिवाय शिवताना पाय सारखा थांबतो, सुटतो, आणि प्रत्येक सुटण्याला दोऱ्याला हिसका बसतो. नुसती बॉबिन भरताना पाय एकसारखा चालतो, त्यात हा त्रास नव्हता.

एक पुरावा तर हातातच होता आणि मी तो बघितला नाही. प्लॅस्टिकची एक बॉबिन भरल्यावर केसमध्ये शिरेना. मला वाटलं बॉबिनच खराब. ती आवळून भरल्यामुळे दोन्ही कडा बाहेर फुगल्या होत्या.

७ ऑगस्ट

जोराची स्प्रिंग काढून बॉलपेनची स्प्रिंग लावली, दोन पितळी चकत्यांमध्ये नमद्याचे दोन तुकडे. ताण मोजायला घरगुती उपाय केला. दोऱ्याच्या टोकाला कापडाची बारीक पिशवी बांधून तिच्यात नाणी टाकत गेले. जुन्या चकतीवर भरायची त्या सैलपणाला एक रुपयाच्या तीन नाण्यांना दोरा सरकायला लागतो. भंगारातल्या चकतीला अख्खी मूठभर लागली होती. आता तीन नाण्यांवर लावून स्क्रूला नेलपॉलिशचा ठिपका दिला, हलू नये म्हणून. रिळाखाली पण नमदा घातला. नाहीतर पाय थांबला की रीळ आपल्या जोरात फिरत राहतं, दोरा सैल पडतो आणि पुढच्या पायाला हिसका देतो.

पट्टी पुन्हा शिवली, भिजवली, इस्त्री केली. ४९.८.

१८ ऑगस्ट, रविवार

उलट्या चाकाचा प्रश्न राहिला होता. पोरीला सांगून होणार नाही, माझ्याकडूनसुद्धा घाईत होतं. भाच्यानं एकाच दिशेला पकडणारं बेअरिंग आणलं, एचएफ ०६१२. आत ६ मिलीमीटर, बाहेर १०. आत बारीक सुया असतात, एका बाजूला फिरवलं की शाफ्टला धरतात, दुसऱ्या बाजूला सोडतात. सायकलच्या फ्रीव्हीलसारखंच काम, फक्त करंगळीच्या नखाएवढं.

काकांनी हातात घेतलं आणि नाही म्हणाले. “ही शाफ्ट मऊ आहे ताई. सुया हिच्यात खड्डे पाडतील, महिन्याभरात घसरायला लागंल.” त्यांच्याकडं त्या मापाचा कडक रॉड नव्हता. भाच्यानं दोन दिवसांनी बिघडलेल्या प्रिंटरमधला रॉड काढून आणला, ज्यावर शाईचा डबा इकडून तिकडं पळतो तो. काकांनी कानस लावून बघितली, रॉडवरून ती नुसती घसरली, चरा पडला नाही. खूश झाले. टोक मात्र लेथवर उतरेना, ग्राइंडरवर बसून उतरवावं लागलं. पैसे घेतले ते पहिल्याच शाफ्टचे.

आता चाक उलटं गेलं तर चकती मोकळी फिरते आणि बॉबिन जागच्या जागी राहते. मी मुद्दाम दहा-बारा वेळा उलटं मारून बघितलं. वेढा हलत नाही.

२५ ऑगस्ट

आपोआप सुटण्याची सोय. पत्र्याची एक जीभ बॉबिनच्या दोऱ्याला लागून राहते. दोरा कडेच्या जवळ आला की जीभ ढकलली जाते, खिट्टी सुटते आणि स्प्रिंग चकतीला पट्ट्यापासून मागं ओढते. पहिल्या दिवशी पट्ट्याच्या जोडाच्या धक्क्यानंच सुटायची, अर्धी बॉबिनसुद्धा भरायची नाही. खिट्टीचा दात कानशीनं थोडा खोल केला. भरणी काठाच्या आत एक रेघ राहील इतकीच ठेवली आहे. काठोकाठ भरली की केसमध्ये घासते.

५ सप्टेंबर

गौरी तोंडावर. आज नऊ ब्लाउज. चाकाच्या मधला स्क्रू दिवसभरात एकदाही ढिला केला नाही. खडूच्या रेघा मारायची वेळच आली नाही. पायाला थोडं जड लागतं, पण बॉबिन भरत असते तेवढाच वेळ. खट् असा आवाज आला की भरली. पहिले दोन दिवस त्या आवाजाला दचकत होते, आता कान त्याची वाट बघतो. पोरीनं स्वतःहून पुढच्या ब्लाउजला पुढचं रीळ टाचणीनं अडकवून ओळीनं लावून ठेवायला सुरुवात केली आहे. दोरा कापडाशी जुळवायचं काम सकाळी उजेडात एकदाच होतं. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली जांभळा आणि वांगी रंग फसवायचा, ते थांबलं.

१५ सप्टेंबर, रविवार

गिऱ्हाइकाच्या ओढणीचं टोक चकतीजवळ गेलं. काही झालं नाही, मी पाय थांबवला. पण माझ्या शेजारी बाया पदर सावरत उभ्या राहतात, लेकरं असतात. बरणीचं झाकण कापून चकती आणि पट्ट्यावर झाकण बसवलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कुणी असं यंत्र केलं तर आधी झाकण करावं, मग बाकीचं.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी मशीन पुसून तेल दिलं, पूजा केली. कात्री, टेप, इस्त्री, आणि भरणीयंत्राला पण हळदकुंकू लावलं. झेंडूची माळ हातचाकाला घालायची नेहमीची पद्धत, यंदा ती स्टँडला बांधली.

दुपारी लेथवाले काका काकूंना घेऊन सोनं द्यायला आले. काकूंच्या मशीनला मोटर लावलेली आहे, पट्टा आखूड आणि आडवा, टेबलाच्या वर मोकळा तुकडा कुठं नाहीच. तिथं हातचाकाच्या काठालाच टेकवावं लागेल, आणि मोटरचा वेग धरला तर चकती मोठी हवी. काकांनी माझ्याकडून खडू घेऊन टेबलावरच गणित मांडलं. ६० मिलीमीटरची निघाली. काकू म्हणाल्या, “ताणाची ती नाण्यांची पिशवी मला आधी दाखवा.” पिशवी काढली, तीन नाणी टाकली, आणि त्यांनी दोन बोटांत दोरा धरून तो कसा सरकतो ते दोनदा बघितलं.